उशाखाली की कुलपात?

"दादा, पयलं पिस्तूल कोन्तं घ्यावं?"

मावसभावाने बसायच्या आधीच विचारलं. जिंतूर तालुक्यात त्याचं गाव आणि गावापासून दोन किलोमीटरवर शेतात आखाडा. बायको, दोन लेकरं, म्हातारे वडील आणि चार जनावरं, सगळा बारदाना तिथेच. दिवाळीच्या आधी शेजारच्या आखाड्यावर रात्री चोर येऊन गेले. कापसाचे पैसे नेले, बाईच्या कानातलं ओरबाडून नेलं. तेव्हापासून हा रात्री दोन-तीनदा उठून दाराची कडी चाचपतो. पिशवीत शस्त्र परवान्याचा कोरा अर्ज आणि मोबाइलमध्ये सात-आठ पिस्तुलांची चित्रं घेऊन आला होता. "घराला आधार बी होईल आन् सुट्टीच्या दिवशी नेम धरायला बी येईल," म्हणाला.

त्याच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. ज्याचं घर गल्लीत आहे, ज्याच्या दारासमोर नगरपालिकेचा दिवा आहे, त्याने आखाड्यावर झोपणाऱ्याला धीर धरायला सांगू नये. अमावास्येला तिथे हाताला हात दिसत नाही. कुत्रं भुंकलं की अख्खं घर श्वास रोखून पडून राहतं. ही भीती खोटी नाही. म्हणूनच तिच्यावरचा उपाय खोटा निघाला तर मला चीड येते.

"कोणतं?" हा नंतरचा प्रश्न आहे. आधी सांग, ठेवणार कुठे? उशाखाली की कुलपात?

तो गप्प बसला. त्याची बायको शेजारीच होती. ती म्हणाली, "आन् दादा, किल्ली कुनापाशी राहील?"

गेल्या वर्षभरात या विषयावर मी पुष्कळ माणसांशी बोललो. त्यात वकील होते, निवृत्त फौजदार होते, कमरेला लावून फिरणारेही होते. इतका नेमका प्रश्न एकानेही विचारला नव्हता.

तरी आधी "कोणतं"चं उत्तर देतो, कारण माणूस तेच विचारायला आला होता. त्याचं अर्धं उत्तर कायद्यानेच देऊन ठेवलंय. सिनेमामुळे पोराटोरांच्या तोंडी ९ एमएम आहे. तो बोअर, म्हणजे नळीचं ते माप, आपल्याकडे निषिद्ध आहे, फौजेचा आणि पोलिसांचा. साध्या नागरिकाच्या वाट्याला बहुतेक वेळा येतो तो .३२. त्यातही रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, एवढीच निवड. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं. त्याच कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' आणलं. दिल्लीतल्या निर्भयाच्या आठवणीने ठेवलेलं नाव, ५०० ग्रॅम वजन, बायकांच्या पर्समध्ये मावेल असं. त्या वेळची किंमत १,२२,३६० रुपये. पर्समध्ये सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर बाळगू शकणारी बाई आणि रात्रीच्या बसमधून एकटी येणारी बाई एकच असते, असं ज्यांना वाटलं त्यांनी आपल्या गंगाखेड-परभणी गाडीत एकदा बसून बघायला हवं होतं.

दोन्हींतलं एक निवडायचं तर नवख्याला रिव्हॉल्व्हर बरं. कारण सांगतो. पिस्तुलाचं मॅगझिन काढून घेतलं की माणसाला वाटतं, रिकामं झालं. नळीच्या मागच्या घरात एक गोळी तशीच बसलेली असू शकते. ती दिसत नाही, आणि "रिकामं आहे" म्हणून हाताळताना सुटते ती हीच. कानपूरचं रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडतं. सहा भोकं डोळ्यांसमोर येतात. भरलेली किती, रिकामी किती, ते घरातल्या न शिकलेल्या माणसालाही दिसतं. माझ्या लेखी हा गुण मोठा.

पण त्याचा चाप जड असतो. घोडा आधी मागे न ओढता नुसता चाप दाबून गोळी झाडायची तर बोटाचा सगळा जोर लागतो आणि त्या जोराबरोबर अख्खी मूठ वळते. नळी बोटभर लांब. नेम धरायची मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी यांच्यातलं अंतर बारा सेंटिमीटर धरा. माशी एक मिलिमीटर हलली तर दहा मीटरवर गोळी आठ सेंटिमीटर बाजूला जाते. एक मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्याच्याही निम्म्याहून कमी. आणि हे दिवसाउजेडी, पोटात भीती नसताना. रात्री दोन वाजता, झोपेतून उठून, छाती धडधडत असताना ती माशी किती हलेल, ते ज्याने त्याने आपल्याच हाताकडे बघून ठरवावं.

आता कुलपाकडे येतो.

शस्त्र नियम २०१६ मध्ये आले. परवान्यासाठी नुसता अर्ज पुरत नाही. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, शरीर आणि मन ठीक असल्याचा डॉक्टरी दाखला लागतो, शस्त्र सुरक्षित ठेवीन अशी हमी लिहून द्यावी लागते. मग पोलिसांची चौकशी, मग जिल्हादंडाधिकाऱ्यांचा निर्णय. त्या हमीला मान द्यायचा तर पिस्तूल पोलादी कपाटात, काडतुसं वेगळी आणि किल्ली लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. म्हणजे दार फोडून माणूस आत आला तर तुम्ही अंधारात किल्ली शोधणार, कपाट उघडणार, काडतुसं काढणार, भरणार. चोर तोवर थांबत नसतो. आणि हे सगळं टाळायला पिस्तूल भरून उशाखाली ठेवलं, तर बाहेरून क्वचित येणाऱ्या एका माणसासाठी तुम्ही रोजच्या रोज आपल्या लेकराच्या हाताशी भरलेलं हत्यार ठेवलं. कुलपात ठेवलेलं वेळेला मिळत नाही, उशाखालचं घरालाच धोका. यातून पळवाट काढून देणारं एकही पिस्तूल मी तरी अजून बघितलेलं नाही.

आखाड्यावर अंधारात हलणारी सावली चोराचीच असते का? भावाचे वडील रात्रीत दोनदा बाहेर जातात. पाणी द्यायला रात्रीची लाइट आली की शेजारचा गडी मोटर चालू करायला बांधावरून येतो. मराठवाड्यात शेतीची लाइट रात्री येते म्हणून निम्मा गाव रात्री शेतात असतो, हे मी परभणीकराला काय सांगावं.

कायदा बचावाचा हक्क देतो, त्याबद्दल शंका नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घर फोडणाऱ्याविरुद्ध तो हक्क जीव घेण्यापर्यंतही जाऊ शकतो, असं कलम ४१ सांगतं. पण त्याच प्रकरणात अट आहे: बचावापुरतं, त्याहून जास्त नाही. पळून चाललेल्याच्या पाठीत घातलेली गोळी बचाव म्हणून कोर्टात उभी करणं फार अवघड. पुढची कितीतरी वर्षं तारखा, वकील, शेत गहाण. कापसाचे गेलेले पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

"पण त्या लोकांपाशी हाय ना समद्यांपाशी," भाऊ म्हणाला. त्या लोकांपाशी म्हणजे गंगाखेड ओलांडल्यावर पलीकडे, बीड जिल्ह्यात.

असेना. तिथलंच उदाहरण घेऊ. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना उचलून नेलं आणि हाल हाल करून मारलं. त्यांच्यावर गोळी झाडली नव्हती, मारहाण करून जीव घेतला. त्यानंतर सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी शस्त्र परवान्यांचे आकडे लोकांसमोर ठेवले. बीड जिल्ह्यात १,२२२. अमरावती ग्रामीणमध्ये २४३. आणि परभणीत ३२.

जिल्ह्यात हजारावर परवाने असून गावच्या सरपंचाचा जीव वाचला नाही. ज्यांच्यापाशी ती हत्यारं होती त्यांच्यातल्या काहींनी ती कशाला वापरली, तेही त्याच महिन्यात दिसलं. परळीत हवेत गोळी झाडणाऱ्याचा व्हिडिओ घरोघरी पोहोचला आणि त्याच्यावर गुन्हा नोंदवावा लागला. पुढे बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी शंभरावर परवाने रद्द केले. ते आधी दिले कोणी आणि कोणत्या कारणावर, हे मात्र लोकांना अजून नीट सांगितलेलं नाही. सांगायला हवं. परवाना देताना सही करणाऱ्याने "पुरेसं कारण" बघायचं असतं. १९५९ चा शस्त्र अधिनियम तेच म्हणतो. पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक, संरक्षणाला किंवा खेळाला वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक, यांच्या बाबतीत कायद्याचा हात सैल आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला मात्र तो कारण मागतो. मला हा फरक शहाणपणाचा वाटतो. दुनळी लपवता येत नाही. ती घेऊन कोणी लग्नात, जत्रेत, ग्रामपंचायतीच्या बैठकीत जात नाही. पिस्तूल शर्टाखाली जातं आणि शर्ट थोडा वर उचलला की समोरच्याची बोली बदलते. कमरेला हत्यार असलेला माणूस बैठकीत आला की बिनहत्यारी माणसं मत द्यायचं सोडून जमिनीकडे बघू लागतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि तो दिवस मला आजही बोचतो.

नियम अशा मिरवण्याच्या विरोधात आहेत. सार्वजनिक जागी हत्यार न्यायचं तर झाकून न्यायचं, रोखायचं नाही, लग्नात उडवायचं नाही. शस्त्र अधिनियमातल्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली आणि आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. निवडणूक आली की कितीतरी परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. म्हणजे गाव तापतं नेमकं तेव्हाच ते घरात नसतं.

आणि बिनपरवान्याच्या वाटेला जाऊ नका. मध्य प्रदेशातल्या उमर्टीतून येणारा गावठी कट्टा स्वस्तात मिळतो, हे जिल्ह्यातल्या कॉलेजच्या पोरांनाही ठाऊक आहे. सापडला तर कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. कच्च्या लोखंडाची नळी हातात फुटली तर बोटं गेली.

बत्तीस. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" म्हणून आपल्याला आयुष्यभर हिणवलं गेलं. या एका आकड्यापुरती तरी परभणीची मान वर आहे. तो आकडा वाढावा असं मला वाटत नाही, आणि हे मी भावाच्या तोंडावर सांगितलं.

आता जे त्याच्या बायकोसमोर बोलणं जड गेलं, तेही लिहितो. कॅलिफोर्नियात २ कोटी ६३ लाख माणसांची बारा वर्षांची नोंद तपासून २०२० मध्ये एक अभ्यास छापून आला. पहिल्यांदा पिस्तूल-रिव्हॉल्व्हर घेतलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हेच त्यात बघितलं होतं. ज्यांच्यापाशी ते होतं त्या पुरुषांचा स्वतःच्याच गोळीने जीव देण्याचा धोका ते नसलेल्यांच्या जवळजवळ आठपट निघाला, बायकांचा पस्तीसपट. विकत घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तर फारच. चोरासाठी आणलेलं हत्यार घरच्याच माणसावर उलटलं.

हे मराठवाड्याला अमेरिकेच्या अभ्यासावरून शिकायची गरज नाही. फवारणीचा डबा हाताशी होता म्हणून गेलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांतल्या कित्येकांची ती एकच रात्र वाईट होती. डबा कुलपात असता, किल्ली दुसऱ्यापाशी असती, सकाळ झाली असती, तर आज ते चावडीवर बसलेले दिसले असते. दोन वर्षं सोयाबीन हातचं गेलेल्या घरात आणखी एक हत्यार नेऊन ठेवायचं? मी तरी हो म्हणणार नाही. आणि कुणाच्या घरात अशी रात्र आली असेल तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. लावा.

राहिला नेम. तो मात्र मला मनापासून पटला. नेम धरण्यात वाईट काहीच नाही, उलट हाताला आणि डोक्याला त्यासारखी शिस्त नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सोनं आणलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सोनं आणणारी ती पहिली भारतीय बाई. त्या स्पर्धेतलं पिस्तूल .२२ चं, त्याला परवाना लागतो, आणि खेळासाठी परवाना मागणारा नेमबाजी क्लबात दोन वर्षं सक्रिय असावा असं नियम म्हणतो. पण सुरुवात तिथून करायची नसतेच. सुरुवात छऱ्याच्या पिस्तुलाने. ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ चा छर्रा आणि २० ज्यूलच्या आतला जोर असेल तर परवाना लागत नाही. ओळखपत्र दाखवायचं आणि घ्यायचं. देशी बनावटीचं काही हजारांत येतं. वॉल्थर, स्टेयर, मोरिनी ही स्पर्धेची नावं लाखाच्या पुढची, त्यांच्या वाटेला पहिल्या दिवशी जाऊ नये.

म्हणून भावाला उठवलं आणि बायको-लेकीसकट माझ्या एका निवृत्त क्रीडाशिक्षक मित्राकडे नेलं. त्याच्या घरामागच्या पडवीत दहा मीटरचा पट्टा आहे. पलीकडे वाळूची पोती, पुढे पत्र्याचा डबा, डब्यात कार्ड. मित्राने आधी छर्रा तळहातावर ठेवून दाखवला. इवलासा शिशाचा डमरू, मधे बारीक, दोन्हीकडे रुंद. मागचा घेर नळीत घट्ट बसतो आणि हवा तिथूनच ढकलते. "हाताळून झालं की हात धुवायचे, शिसं हाय ते," मित्र म्हणाला. मग कार्ड दाखवलं. मधला दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा. शर्टाच्या गुंडीएवढा. दहा मीटरवरून तो गोल दिसतच नाही, दिसतो फक्त काळा ठिपका आणि त्याच्यापुढे थरथरणारी माशी.

भावाने एका हाताने धरलं. स्पर्धेत एकाच हाताने धरायचं असतं, पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे. पहिला छर्रा कार्डालाच लागला नाही. दुसरा कोपऱ्यात. "ठिपक्याकडं बघू नको, माशीकडं बघ," मित्र म्हणाला. "चाप ओढू नको. दाबत जा. सुटला की कळलं पायजेन, सोडला आसं वाटायला नको." पाचवा काळ्यात गेला. भाऊ हात खाली घेऊन कितीतरी वेळ आपल्या मनगटाकडे बघत उभा राहिला. दहा मीटरवर, भर दुपारी, हाती बिनगोळीचं पिस्तूल असताना पाचांतला एक. बोलला काहीच नाही. मीही बोललो नाही.

मग त्याच्या थोरल्या लेकीने मागितलं. बारा वर्षांची पोर. मित्राने तिला टेबलावर हात टेकवून बसवलं, डोळ्यांवर चष्मा चढवला, कारण छऱ्याने डोळा जाऊ शकतो आणि तो गेला तर गेला. तिचा तिसरा छर्रा नवात. तिने मागे वळून आईकडे बघितलं तो चेहरा मी विसरणार नाही.

आपल्या जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक ठिकाणी असा एक पट्टा हवा. खर्च फार नाही: दहा मीटर जागा, मागे भरभक्कम भिंत, चांगला उजेड, चार-पाच छऱ्याची पिस्तुलं आणि शिकवणारा एक माणूस. कांबळवाडीसारख्या खेड्यातून आलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून रायफलचं कांस्य आणलं. तो राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. सेलू-पाथरीच्या पोरीला तेवढंही मिळू नये का? पोरांना बंदुकीचं वेड आहेच, ते मोबाइलवरच्या रील्समधून येतंय. ते वेड कमरेला जाण्याआधी कार्डावर न्यायचं असेल तर जागा आपल्याला द्यावी लागेल. लोकप्रतिनिधींच्या निधीतून प्रवेशद्वारं आणि कमानी उभ्या राहतात. एका कमानीचे पैसे मी या कामासाठी मागतो, नाव घेऊन नाही, सगळ्यांकडेच.

आणि राखणीचं काय? ते भावाच्या बायकोने आधीच ठरवून ठेवलं होतं. शेजारच्या तीन आखाड्यांतल्या बायकांशी ती बोलली होती. एकमेकींचे नंबर, कुठल्याही एकीकडे आवाज झाला तर चौघींनी एकदम ताट वाजवायचं, ११२ लावायचा, पोलीस पाटलाला फोन करायचा. कापसाचे पैसे घरात ठेवायचेच नाहीत, त्याच दिवशी बँकेत भरायचे. ग्रामसुरक्षा दलात नाव घालायला भावालाच वेळ मिळाला नव्हता.

परतीला मोटरसायकलवर ती मागे बसली होती, पोर मधे. कार्ड पोरीच्या हातात, कोरा अर्ज भावाच्या पिशवीत. त्याने किक मारली आणि मला म्हणाला, "बगतो दादा, अजून काय ठरविलं न्हाई."

मागून ती म्हणाली, "ते ठरवा तवा ठरवा. आखाड्याच्या दोन्ही कोपऱ्यावर दिवे लावायचे हाईत, ते घेऊनच घरला जाऊ."